म्हस व्याली काय?

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर तर ओल्या अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथे परत ठेवावी. चार माणसांत मला बोलायला येत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी उभी राहते आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जाते. लिहिताना वेळ निघून जात नाही, म्हणून लिहिते.

वहीची पुढची पानं यांच्या आजारपणाची आहेत. यांच्या म्हणजे माझ्या मालकांच्या. मागची कोरी उरली, ती मी माझ्यासाठी घेतली.

हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत पाळीवर होते. आमची वाडी पोलादपूरच्या अंगाला, डोंगरात. मोटारसायकलने पाऊण तास. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहिली पाळी करून दुपारी घरी येताना वाडीच्या खालच्या वळणावर बारीक खडीवरून गाडी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं, त्याला एक चरासुद्धा पडला नाही. यांचं डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं.

महाडहून मुंबईला नेलं. डोक्यात साचलेलं रक्त काढलं. दीड महिन्याने घरी आणलं तेव्हा वाडीतल्या बाया म्हणाल्या, "वाचला गो तुझा नवरा, देव पावला." मी मान हलवली. पण मनात होतं, हा माणूस नक्की तोच आहे ना? चेहरा तोच, हसणं तेच. पण डावा हात लोंबत होता, डावा पाय ओढत होता, आणि सकाळी खाल्लेली भाकरी दुपारी आठवत नव्हती. आवाज एकदा चढला की उतरायचा नाही. वास तर पार गेला होता. शेजारी सुकट भाजली तरी घरात काय चाललंय ते कळत नसे. वास गेला की चव जाते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की बायकोच्या हातचं जेवण एकाएकी माती झालं आहे.

"माझ्या ताटात वेगळं वाढतेस."

"नाय हो, एकाच टोपातलं हाय."

"मग तुझं ताट हिकडं दे."

ताटं बदलायची. माझ्या ताटातलंही मातीच लागायचं. मग ते माझ्याकडे असं बघायचे की मी दोन्ही ताटांत काहीतरी कालवलंय. पुढे पुढे मी दोन ताटं वाढायची, चुलीकडे तोंड करून उभी राहायची, आणि ते उचलतील ते त्यांचं.

आता पैशांचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं.

आमच्या वाडीची गावकी आहे. म्हणजे सगळ्या घरांचं मिळून एक मंडळ, त्याचे जमवलेले पैसे आणि लग्नाकार्याची मोठी भांडी. ते पैसे बँकेत ठेवत नाहीत. दर शिमग्याला एका घराकडे देतात. त्या घराने वर्षभर सांभाळायचे, वाडीत कुणाची नड असली तर देवापुढे नारळ ठेवून हातउसने द्यायचे, आणि पुढच्या शिमग्याला सगळे गोळा करून सहाणेवर ठेवायचे. सहाण म्हणजे आमचा पालखी बसवायचा चौथरा. यात कुणी काही लिहून ठेवत नाही, शब्दावर चालतं. नियम एकच, पैसा वाडीची शीव ओलांडून जाता कामा नये. सोयऱ्याला नाही, मित्राला नाही. त्या वर्षी मान आमच्या घराचा होता. चाळीस हजार रुपये.

हे दवाखान्यात असेपर्यंत कुणी विचारलं नाही. शिमगा जवळ आला तेव्हा गावकीचे मुख्य आले. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते. पडवीत बसले, चहा घेतला, यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग हळूच म्हणाले, "पैशांचं कसं काय ठेवलंस रे?"

"देवळात हायत," हे म्हणाले. जरासुद्धा अडखळले नाहीत.

देवळात काही नव्हतं. दोन दिवसांनी आबा परत आले. "कंपनीत सायबाकडं दिलेत. कपाटात हायत." तिसऱ्या वेळी यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. हिनेच घेतलेत."

मी पदर गुंडाळत उभी. गप्प राहिलेली बाई चोर दिसते, हे मला त्या दिवशी आबांच्या डोळ्यांत कळलं.

आबांनी पुढच्या शिमग्यापर्यंत मुदत दिली. तोवर पालखी आमच्या दारात थांबणार नाही, असं ठरलं. ढोल वाजत आला, शेजारच्या अंगणात पालखी नाचली आणि आमच्या सारवलेल्या अंगणापुढून तशीच निघून गेली. मी ओटीचं ताट धरून उभी होते. हे पडवीतून ओरडत होते, "अरे थांबा, इकडं पण घर हाय!" पालखी थांबणार नाही, हे त्यांना सांगितलं होतं. दोनदा.

तेव्हापासून वाडी आमच्या घरात नवं काय आलंय ते बघायला लागली. महाडच्या एका संस्थेने आम्हाला संडासाची खुर्ची वापरायला दिली होती, मधे भोक असलेली. ती धुऊन उन्हात ठेवली की पाण्याला जाणाऱ्या बाया थांबायच्या.

"कितीला पडली गो?"

"इकत नाय घेतली. परत द्यायची हाय."

"अशी कोण देतो आजच्या दिवसात? स्टीलची दिसते."

"अगो, भोकाचे पैसे कमी केले असतील," दुसरी म्हणायची, आणि दोघी हसत हंडे घेऊन पुढे.

मीही काही कमी नव्हते. माझा संशय धाकट्या दिरावर होता. भिंतीला भिंत लागून घर. अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात त्याच्या पडवीवर निळे पत्रे चढले. पावसात ते वाजायला लागले की मला वाटायचं, आमच्या चाळीस हजारांवर पाऊस पडतोय. त्याने आमचं भात लावलं, पुढे कापलंही त्यानेच, मजुरी मागितली नाही. त्याचाही मी अर्थ लावला. मजुरी का मागत नाही? मनाला खातंय म्हणून.

खुर्ची दिली त्याच संस्थेच्या एक मॅडम दर मंगळवारी स्कूटरवरून यायच्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. डोक्याला मार लागलेल्या माणसांना त्यांच्या घरातच पुन्हा उभं करायचं, कामाला लावायचं, हे त्यांचं काम. पैसे घेत नव्हत्या. चहासुद्धा अर्धा कप. फुकट येणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. हिला काय पाहिजे असेल? जमिनीचे कागद? अंगठा? त्या गेल्या की मी फळीवरचे चमचे मोजायची. अकरा. दर मंगळवारी अकराच.

मला वाटलं होतं मशीन आणतील, रबराचे चेंडू आणतील. त्यांनी काहीच आणलं नाही. वालाच्या शेंगा सोलायच्या, पण डाव्या हाताने. कळशी अर्धी भरून पडवीपर्यंत न्यायची. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढला, म्हणजे पायरी कुठे संपते ते दिसावं. गोळ्या एकाच फळीवर, चष्मा एकाच खिळ्याला. सकाळी उठल्यावर कॅलेंडरवर आजच्या दिवसाला फुली त्यांनीच मारायची, मी नाही. आणि मला ताकीद दिली, "आठवतं का, असं विचारायचं नाही वहिनी. ते त्यांना परीक्षेसारखं होतं. भात की भाकरी, असं विचारा. दोनातलं एक निवडता येतं."

एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, हे एवढं खोटं का बोलतात? देवळात, सायबाकडं, माझ्याकडं. रोज वेगळं."

"खोटं बोलत नाहीत. आठवणीत जिथे रिकामी जागा झालीय तिथे त्यांचं मन मिळेल ते भरतं. त्यांना ते खरंच वाटतं."

"मग खरं कुठलं ते कसं कळायचं?"

"लिहून ठेवा. कोण आलं, काय खाल्लं, दादा काय म्हणाले. खरं का खोटं ते बघू नका, नुसतं लिहा."

"माझी चौथी झालीय फक्त."

"चौथी पुरते," म्हणाल्या, आणि पिशवीतून ही वही काढून दिली.

माझा संशय दुप्पट झाला. आमच्या घरात कोण येतं जातं, याच्याशी हिला काय करायचंय? तरी लिहायला लागले. पुढची पानं तशीच आहेत. "सकाळी नाचणीची भाकरी. चिडले. शेंगा वाटीभर. आबा आले. मला चोर म्हणाले. झोपले." असं.

एका मंगळवारी मॅडमनी फळीवरचे चमचे काढून यांच्यापुढे ठेवले आणि मोजून परत लावायला सांगितले.

"किती झाले दादा?"

"अकरा."

"बरोबर आहेत का, वहिनींना विचारा. त्या दर मंगळवारी मोजतात."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅडम खाली मान घालून शेंगा निवडत राहिल्या. हे मात्र हसले. अपघातानंतर इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच. "माझे घास पण मोजते ही!"

माझं माहेर पाचाडला. धाकटा भाऊ तिथे हॉटेल चालवतो. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि पिठलं-भाकरी. सुट्टीच्या दिवशी हिरकणीवाडीला गडाच्या रोपवेला येणाऱ्या लोकांना ताक विकायला बसतो. तो पंधरा दिवसांनी नेमाने यायचा. सासरची सगळी वाडी मला चोर समजत होती तेव्हा हा एकटा दोन एसट्या बदलून माझ्यासाठी बाटलीभर ताक घेऊन यायचा. "बाय, बारीक झालीस गो," म्हणायचा. माझे डोळे भरायचे. सगळ्यांवर संशय घेऊन दमले की मी त्याची वाट बघायची.

हे त्याला बघितलं की एकच विचारायचे. "म्हस व्याली काय?"

भाऊ हसायचा. "दाजी, ताक बघून म्हस आठवली तुम्हाला." मीही हसायची. भावाकडे म्हैस नव्हती. दूध गावातून विकत घेतो, असं तो सांगायचा. ताकाची बाटली बघितली आणि यांनी डोक्यातली रिकामी जागा म्हशीने भरली, असं मी धरून चालले. वहीत मात्र दर वेळी लिहिलं. सगळं लिहा म्हटलं होतं ना.

पाऊस सरला, नवरात्र झालं. एका मंगळवारी मॅडम वही घेऊन बसल्या आणि पेन्सिलीने बारीक खुणा करत गेल्या. हे पडवीत शेंगा सोलत होते.

"वहिनी, पैसे कुठे ठेवलेत त्याच्या दादांनी नऊ जागा सांगितल्यात. एकही धरून ठेवलेली नाही. पण हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. भाऊ आला, म्हैस व्याली काय. भाऊ आला, म्हैस व्याली काय. आषाढात, श्रावणात, गणपतीत. "इथे लिहिलंय, शेपटीचं टोक पांढरं ती म्हैस. हे कुठून आलं?"

"ते म्हणाले म्हणून लिहिलं."

"आणि या दिवशी भावाने ताक आणलंच नव्हतं. बिस्किटं आणली होती, तुम्हीच लिहिलंय. तरी तेच विचारलं."

"मग?"

"ज्यांना सकाळचं आठवत नाही, ते एवढे महिने एकच प्रश्न एकाच माणसाला विचारतायत. प्रश्न खरा असेल तर?"

मी वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. "आमच्या माहेरात म्हस नाय." एवढंच बोलले, पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. गेल्यावर चमचे दोनदा मोजले.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. भाऊ गावात दूध कुणाकडून घेतो, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. दिराच्या पत्र्यांचा हिशेब मी रोज केला, आणि भावाच्या ताकाचा एकदाही नाही.

यांना एसटीने कुठेतरी नेऊन आणा, म्हणून मॅडम मागे लागल्याच होत्या. लोकांत बसायची सवय व्हावी, सुटे पैसे द्यायची सवय व्हावी. भावाला फोन न करता मी यांना घेऊन निघाले. महाड स्टँडवर पाचाडची गाडी लागली. तिकिटं त्यांनीच काढायची, असं मी ठरवलं होतं.

"दोन पाचाड," हे म्हणाले.

"एक फुल, एक हाफ," कंडक्टर म्हणाला.

"हाफ कुणाचं?"

"बाईंचं. बायकांना अर्धं तिकीट हाय आता."

यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग कंडक्टरकडे. "ही काय लहान हाय? फसवता काय मला?" गाडी हसायला लागली. कंडक्टर शहाणा होता. "काका, तुमचेच पैसे वाचतायत. नको असतील तर मला द्या." हे विचारात पडले आणि मग त्यांनी सुटे पैसे एक-एक करून परत मोजून घेतले.

पाचाडला भावजय अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आम्हाला बघून तिच्या हातातलं सूप खाली आलं. "वन्सं, फोन तरी करायचा."

"का? फोन केल्याशिवाय येऊ नये काय?"

हे मात्र थांबलेच नव्हते. डावा पाय ओढत घराला वळसा घालून मागे निघाले होते. "भावजी, तिकडं चिखल हाय," भावजय धावली. मी तिच्या मागून.

घरामागे नवा गोठा होता, नारळाच्या झापांचा. आत एक म्हैस उभी होती आणि माश्या वारत होती. शेपटीचं टोक पांढरं. बाजूला सात-आठ महिन्यांची रेडी. यांनी आपला डावा हात, तो लोंबणारा हात, स्वतः उचलून त्या रेडीच्या पाठीवर ठेवला.

"व्याली," ते म्हणाले. "व्याली गो. रेडी झाली."

त्या दिवसानंतर तो प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही.

भावाला हॉटेलातून बोलावून आणलं. तो पायरीवर बसला, माझ्याकडे बघेना.

"किती?" मी विचारलं.

"चाळीस. वरचे माझे होते. दसऱ्याच्या आधी घेतली, गाभण होती. दाजींनीच बघून पसंत केली. शिमग्याला परत द्यायचं बोलणं होतं."

"मग?"

"मग दाजींना लागलं." तो काडीने मातीत रेघा ओढत राहिला. "फोनवर तूच म्हणालीस, त्यांना कायच आठवत नाय. म्हटलं, जरा थांबू. मग लाज वाटायला लागली. मग जेवढं थांबलो तेवढी जास्त."

"मला चोर म्हणत होते रे. आणि तू ताक घेऊन येत होतास."

"म्हणून तर येत होतो, बाय."

"वाडीबाहेर पैसा द्यायचा नसतो. हे तुला का देतील?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "तूच त्यांच्या मागं लागली होतीस ना? माझ्या भावाचं कायतरी बघा म्हणून."

लागले होते. अपघाताआधीच्या गणपतीत, हाताला मोदकाची पिठी लागलेली असताना बोलले होते. एकदा नाही, तीन-चारदा. आणि विसरले होते. डोक्याला मार न लागता विसरले होते.

घरी येऊन मी आधी दिराला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "वैनी, मला वाटलं तूच घेतलेस."

"आणि मला वाटलं तू. ते पत्रे..."

"पत्रे? ते हिच्या बचत गटाचं कर्ज हाय! हप्त्याच्या दिवशी हिचं तोंड बघायला ये एकदा."

"मग मजुरी का नाय मागितलीस?"

"तुला चोर समजून तुझंच भात कापत होतो. मजुरी मागायला तोंड होतं काय मला?"

आतून जाऊ ओरडली, "हप्त्याचं काय म्हणालात?" आणि आम्ही दोघंही हसलो. हसून झाल्यावर मला फार वाईट वाटलं.

दीरच म्हणाला, पैसे भावाकडून गुपचूप आणू आणि भाताच्या कणगीत सापडले असं सांगू. कुणाचंच नाव जायला नको. दोन दिवस मलाही ते बरं वाटलं. मग ध्यानात आलं, कणगीत सापडले तर ते कणगीत ठेवले कुणी? मीच. मी चोर ती चोरच राहिले असते. आणि हे वेडे ते वेडेच. यांनी सांगितलेल्या दहा गोष्टींतली एक खरी होती, ती कुणाला कधी कळलीच नसती.

मंगळवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या दिवशी चहा पूर्ण कप दिला आणि त्यांनी तो घेतला. बघा, माझं बरोबर निघालं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "दादांना स्वतः सांगू दे," म्हणाल्या. "वेळ आहे अजून." मग वहीच्या एका पानावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. गावकीचे पैसे मी मेव्हण्याला दिले. वाडीबाहेर दिले ही चूक माझी. हे पैसे मोजून घ्या.

रोज सकाळी फुली मारून झाली की हे पान वाचायचं. पहिले दोन महिने ते पान त्यांना रोज नवं असायचं. "मी दिले? कधी? कुणी सांगितलं तुला?" रोज माझ्यावर संशय, रोज धक्का, रोज मान खाली. मला ते बघवायचं नाही. पान फाडून टाकावं असं वाटायचं. मग धक्का हळूहळू कमी झाला. पौषात एका सकाळी मी वही पुढे केली तर ते म्हणाले, "म्हायताय मला ते. चहा दे."

मी चहा ठेवला आणि चुलीपुढे बसून रडले.

भावाने पैसे तीन वेळा करून आणले. एकदा दिवाळीच्या सुट्टीत गडावर गर्दी झाली तेव्हा, एकदा थंडीत शाळांच्या सहली आल्या तेव्हा, आणि शेवटचे शिमग्याच्या चार दिवस आधी. त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही. ताक मात्र घेते.

सहाणेवर सकाळी माणसं जमली. बाया नेहमीसारख्या कडेला. हे उभे राहिले, डावा पाय जरा मागे, हातात कागद. पहिली ओळ नीट वाचली. माणसांत खुसपुस झाली. "वाडीबाहेर दिले ही," एवढं म्हणाले आणि अडकले. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडकले. कुणीतरी खोकलं. दीर त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "हिच्या भावाला दिले मी. हिला कायच म्हायत नव्हतं. हिचा दोष नाय."

हे कागदावर नव्हतं. आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना ते खरंच आठवलं, की रिकामी जागा त्यांनी माझ्यासाठी भरली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि पूर्ण खरं तर ते नव्हतंच. माझं बोट पदरात अडकलं होतं. मी ते सोडवलं.

"भावाला मदत करा, असं मीच म्हणाले होते त्यांना," मी म्हणाले.

किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे. आबांना गेलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि दंड सांगितला, पाच नारळ. मग बोटाला थुंकी लावून पैसे मोजले. त्यांच्यानंतर दुसऱ्याने मोजले. त्याच्यानंतर तिसऱ्याने, उजेडाला एक-एक नोट धरून. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

"मला मोजू दे," हे म्हणाले.

ते चौथऱ्याच्या कडेला बसले आणि डाव्या हाताने मोजायला लागले. दोनदा आकडा चुकला, दोनदा पहिल्यापासून. एकही माणूस उठलं नाही. तिसऱ्या वेळी शेवटची नोट खाली ठेवली.

"ऐंशी नोटा. चाळीस हजार."

आबांनी पैसे कापडात बांधले, गाठ मारली आणि कडेच्या बायांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुरे आले. या घराकडं गावकीचं आता कायच येणं नाय."